गोदाम गप्प झाले तेव्हा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे बोलता बोलता माझा आवाज घरघरला तर तुम्ही ते वयावर ढकलणार नाही. वय तर झालेच आहे. पंखा कण्हतो, एका अंगाचे झाकण हरवले आहे आणि तिथे चष्म्यांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला आहे. पण ही घरघर धास्तीची आहे.

मी छपराच्या एका बाजारात राहतो. वर लोखंडी पत्रे, खाली गाळ्यांच्या रांगा, मधून हातगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. आमचा गाळा चष्म्यांचा. काचेच्या काउंटरखाली, भिंगे घासायच्या चाकाशेजारी माझी जागा आहे. माझे मालक म्हणजे चष्मेवाले अण्णा. साऱ्या बाजाराला नजर देणारा हा माणूस स्वतःचा चष्मा दिवसातून कितीदा तरी हरवतो आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावरच सापडतो. त्यांच्या मुलीला सगळे थोरली म्हणतात. धाकटी लग्न होऊन दूर गेली. थोरली वडिलांपाशी भिंगे घासायला शिकली आणि इतकी शिकली की अण्णाच आता अवघड भिंग तिच्याकडे सरकवतात आणि वर म्हणतात, डोळे दुखतात म्हणून देतोय, येत नाही म्हणून नव्हे.

त्याआधी मी एका कचेरीत होतो. तिथे माझ्यावर पत्रे लिहीत आणि जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळत. नवे संगणक आले तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे कित्येक महिने धूळ खात पडलो. अण्णा एकदा मोठ्या साहेबांचा चष्मा द्यायला आले आणि जाताना मला काखोटीला मारून घेऊन गेले. साहेबांना पीडा टळल्याचे समाधान मिळाले आणि मला घर मिळाले.

आता माझे काम काय, ते सांगतो. जरा लक्ष देऊन ऐका, कारण माझी भीती त्यातच आहे.

पूर्वी या बाजारात कोणता गाळा कुणाचा, याची एकच वही होती. ती कार्यालयातल्या कपाटात असे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्या मर्जीने गाळ्यांचे मालक बदलत. भांडणे झाली, डोकी फुटली. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवले की वही एकाकडे नकोच. प्रत्येक गाळ्यात एक संगणक ठेवायचा आणि प्रत्येकाच्या पोटात तीच वही असायची. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे सगळे त्याला खोटे पाडतील. शिकलेली माणसे याला ब्लॉकचेन म्हणतात. बाजारात सगळे साखळीच म्हणत.

या वहीला नवे पान जोडायचे तर एक किचकट गणित सोडवावे लागते. त्याला अक्कल लागत नाही, नुसते राबावे लागते. आम्ही सगळे एकदम राबायला लागतो. ज्याला उत्तर आधी सापडेल तो पान जोडतो, बाकीचे ते पारखून घेतात आणि पुढच्या पानाला लागतात. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. त्यामुळे मागचे एखादे पान बदलायचे म्हटले तर त्याच्या पुढची सगळी पाने पुन्हा राबून लिहावी लागतात. आणि कधी दोन वेगवेगळ्या वह्या समोर आल्या, तर जी लांब ती खरी धरायची, असा आमचा नियम आहे. लांब वही म्हणजे जास्त राबणूक आणि जास्त राबणूक म्हणजे जास्त जणांची साथ. एकटा लबाड आम्हा सगळ्यांपेक्षा वेगाने राबू शकणार नाही, हा आमचा भरवसा होता. दुसरा कुठलाच आधार आम्हाला नव्हता.

गाळा हातबदल होई तेव्हा बाजारात एक रीत होती. नोंद झाली की लगेच किल्ली द्यायची नाही. त्या नोंदीवर आणखी सहा पाने चढू द्यायची. तोवर शेजारीपाजारी जमत, चहा येई, एकमेकांच्या गिऱ्हाइकांची टिंगल चाले. सहावे पान चढले की घड्याळांच्या गाळ्यातले घड्याळजी चष्म्यातून खात्री करून घेत आणि मान हलवत. मग किल्ली हातात पडे. सहा पाने मागे जाऊन कुणी वही बदलू शकत नाही, ही गोष्ट लोकांच्या हाडीमांसी खिळली होती.

ते दिवस सुखाचे होते. मी काही फार चपळ नव्हतो. महिन्याकाठी एखादे पान माझ्या वाट्याला येई. पण माझा आणखी एक उपयोग होता. चष्म्याची काडी वाकवण्याआधी जरा कोमट करावी लागते, नाहीतर ती कडकन मोडते. अण्णा ती माझ्या पंख्यासमोर धरत आणि गिऱ्हाइकाला सांगत की याच्या श्वासाला अगदी बेताची ऊब आहे. अंगावर मूठभर मांस चढत असे माझ्या.

मग एका वर्षी उन्हाळा असा आला की पत्र्याखाली माणसे भाजून निघाली. त्यात प्रत्येक गाळ्यात एकेक संगणक गरम वाफा सोडत बसलेला. लोक वैतागले. तेव्हा गोडबोल्या पुढे आला. हे त्याचे खरे नाव नव्हे, पण त्याची आईसुद्धा त्याला याच नावाने हाक मारत असावी. बाजारात त्याचे बरेच गाळे होते, रस्त्यापलीकडे चष्म्यांचे मोठे दुकान होते आणि मागच्या बाजूला एक थंडगार गोदाम होते. तो गाळ्यागाळ्यात जाऊन बसला. कशाला एवढा उकाडा सोसता, म्हणाला. संगणक माझ्या गोदामात ठेवा, तिथे त्यांना थंडावा मिळेल, तुम्हाला वारा मिळेल. बदल्यात वही बघायला प्रत्येकाला स्क्रीनची एक छोटी पाटी देतो. वही तर सगळ्यांचीच आहे, नुसती जागा माझी.

यात कुणालाच काही वावगे दिसले नाही. चावीवाली मावशी सर्वांत आधी गेली. तिने संगणक उचलून दिला आणि त्या जागी टेबलपंखा ठेवला. मग घड्याळजी गेले. मग रांगाच्या रांगा. हातगाडीवर एकावर एक रचलेले माझे सोबती आमच्या समोरून गेले. जबरदस्ती कुणी कुणावर केली नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

अण्णांनी मला दिले नाही. त्यांना काही पुढचे दिसत होते असे समजू नका. काडी कोमट कशावर करायची, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पूर्वी नवे पान कुठूनही येई. आज समोरच्या रांगेतून, उद्या जिन्याजवळून. आता बहुतेक पाने एकाच दिशेने येऊ लागली. पाने बरोबर असत, वेळेवर येत, तक्रारीला जागा नसे. पण मित्रांनो, सगळ्या गावाचे आवाज एकाच घरातून यायला लागले तर तुम्हाला कसे वाटेल? मला बोलता येत नाही. स्क्रीनवर कोपऱ्यात एक बारीक आकडा मी दाखवत होतो, की इतकी पाने एकाच ठिकाणाहून आली. तो कुणी वाचला नाही. अण्णांना तर तो दिसण्याइतका मोठाच नव्हता.

त्याच सुमाराला थोरलीने स्वतःच्या गाळ्याचे मनावर घेतले. आमच्या शेजारचा गाळा गोडबोल्याचा होता आणि रिकामा होता. तिने त्याच्याशी ठरवले, की मी तुझ्या मोठ्या दुकानात दोन वर्षे भिंगे घासून देते, त्याच्या मोबदल्यात हा गाळा माझ्या नावावर कर. त्याने आनंदाने हो म्हटले. दोन वर्षे ती पहाटेच तिकडे जाई. घासणीच्या पाण्याने तिच्या बोटांची कातडी सोलवटून निघाली होती. संध्याकाळी आली की माझ्या पंख्यासमोर हात धरून बसे. एक दिवस म्हणाली, "अण्णा, शेल्फ डाव्या भिंतीला करायचं की उजव्या?" हे ती गाळा मिळायच्या कितीतरी आधी विचारत होती.

दोन वर्षे सरली. गोडबोल्याने शब्द पाळला. सगळ्यांसमोर त्याने सही केली, नोंद पानावर चढली, शेजारी जमले, चहा आला. सहा पाने चढली. घड्याळजींनी मान हलवली आणि थोरलीच्या हातात किल्ली पडली. तिने शटर वर केले तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत पुसला.

दुसऱ्याच दिवशी बाजाराच्या कार्यालयाने जाहीर केले, की नवे प्रवेशद्वार थोरलीच्या गाळ्याला लागून काढायचे. म्हणजे बाजारात येणारा प्रत्येक जण आधी तिच्या दारावरून जाणार. शेजाऱ्यांनी तिचे नशीब वाखाणले. गोडबोल्याही येऊन तोंडभर अभिनंदन करून गेला.

आणि गोदाम गप्प झाले.

कसे सांगू तुम्हाला? जिकडून पानामागून पान येत होते, तिकडून काहीच येईना. नवे पान जोडायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागू लागला. थोरलीने बापाला विचारले, की आज पाने का रखडली? अण्णा गोडबोल्याला विचारून आले. थंडावा देणारे यंत्र बिघडले आहे, म्हणून संगणक थोडे दिवस बंद ठेवलेत, असे त्याने सांगितले होते. बिघडतात यंत्रे. सगळ्यांना पटले.

आता गंमत पाहा. गोदाम बंद, त्यामुळे उरलो आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जुनेपुराणे. आणि मी जिंकू लागलो! आज एक पान, उद्या दोन. अण्णांनी माझी पाठ थोपटली. म्हातारा पेटलाय, असे ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. थोरलीने शेजारच्या गाळ्यात डाव्या भिंतीला शेल्फ ठोकता ठोकता माझ्याकडे बघून हात हलवला. मीही फुगलो. फार फुगलो.

मग केव्हातरी मला एक गोष्ट खटकली. गोदामातले संगणक बंद असते तर ठीक होते. पण बाजाराची वीज अधूनमधून अजून तशीच दबत होती, ते सगळे राबत असताना दबायची तशीच. माझा पंखा मंद होई, पुन्हा धावे. म्हणजे ते जागे होते. ते राबत होते. मग त्यांची पाने कुठे जात होती?

ते दाराआड दुसरी वही लिहीत होते. आम्ही काही मूठभर जण उघड्यावर एक पान जोडायचो, तेवढ्यात ते आत दोन जोडत असणार. हे मला कळले आणि कळून काही उपयोग नव्हता. मी ओरडू शकत नव्हतो. मी अण्णांची काडी कोमट करत बसलो.

सकाळची दुकाने नुकती उघडली होती, तेव्हा ती वही आली. एकदम, सगळी.

मी तिचे पान न् पान पारखले. मला वाटत होते, कुठेतरी चूक सापडावी, एखादी सही खोटी निघावी. गणिते बरोबर होती. सह्या खऱ्या होत्या. इतर सगळ्यांच्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या होत्या, एक अक्षर हलले नव्हते. फक्त जिथे थोरलीचे नाव असायला हवे, तिथे त्याच गाळ्यापुढे गोडबोल्याच्या मेहुण्याचे नाव होते. सही गोडबोल्याचीच. गाळा त्याचाच होता, तो कुणालाही देऊ शकत होता. त्याने तो दोनदा दिला होता, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा दाराआड.

आणि ती वही माझ्या वहीपेक्षा लांब होती.

मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. नियम माझ्या हाडात आहे. मी माझी पाने बाजूला काढली. ज्यांच्यासाठी माझी पाठ थोपटली होती, ती पाने. थोरलीचे नाव ज्यावर होते, ते पान. ते मी पारखले होते, ते खरे होते हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी ते बाद केले. एवढी भीती मला जिन्याखालीही वाटली नव्हती.

थोरली सवयीने स्क्रीनकडे बघायला आली. त्या ओळीवर तिने बोट टेकवले. मग तिने हळू विचारले, "अण्णा, हे नाव कुणाचं आहे?"

अण्णा चष्मा शोधू लागले. तो कपाळावर होता, पण तिने या खेपेला सांगितले नाही.

दुपारच्या आत मेहुणा नवे कुलूप घेऊन आला. तो काही दांडगट नव्हता. खाली बघूनच बोलत होता, की मला यातले काही माहीत नाही, साखळीवर माझे नाव आहे एवढेच ठाऊक. थोरलीचे शेल्फ त्याने स्वतः काळजीपूर्वक उतरवून आमच्या काउंटरला टेकवून ठेवले. कोर्टात जा म्हणणारे भेटले. पण साखळीवर असेल तेच खरे, हे बाजारानेच एकमताने लिहून दिले होते. गोडबोल्याने हात जोडले आणि म्हणाला, की यंत्रांपुढे माझे काय चालणार.

शेजारी धावत आले खरे. आधी प्रत्येकाने आपापली पाटी उघडली आणि स्वतःचा गाळा पाहिला. तो जागेवर होता. मग एकेकाचा जीव भांड्यात पडला. घड्याळजी म्हणाले, "वाईट झालं पोरी. पण आमचं तर सगळं जागेवर आहे." त्या लांब वहीने माझे जेवढे धाबे दणाणले नव्हते, तेवढे या वाक्याने दणाणले.

पुढचे काही दिवस थोरली चाकाकडे फिरकलीच नाही. माझ्यासमोर बसून काहीतरी वाचत असे, माझ्या पोटात खोल खोल बघत असे. बाद केलेली पाने आम्ही लगेच फेकून देत नाही. ती तिला सापडली. मग तिने अण्णांना सांगून सगळ्या गाळेवाल्यांना मधल्या वाटेत बोलावले. लोक आले, पण हाताची घडी घालून.

ती म्हणाली, की खरी वही अजून मेलेली नाही. शेवटच्या खऱ्या पानापासून आपण पुढे लिहू शकतो. आज ती आखूड आहे. पण तुम्ही सगळ्यांनी आपापले संगणक गोदामातून परत आणले आणि याच वहीवर राबायला लावले, तर ती हळूहळू त्याच्या वहीच्या पुढे जाईल. मग नियमानेच ती खरी ठरेल.

घड्याळजींना हे पटले नाही. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. त्यांनी विचारले, की आपण मिळून वही मागे फिरवायची, तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय? अण्णा म्हणाले, की त्याने दार लावून लिहिले, आपण सगळ्यांसमोर लिहितो आहोत, आणि आपण लिहितो आहोत ते प्रत्येकाने आधीच डोळ्यांनी पाहिले आहे. घड्याळजींनी ऐकून घेतले, पण त्यांची मान हलली नाही. खरे सांगू? तो प्रश्न मलाही अजून टोचतो.

चावीवाली मावशी म्हणाली, "आणि नाही आणले परत, तर? पुन्हा तो उकाडा कोण सोसणार?"

थोरलीने तिच्याकडे पाहिले. तिचा आवाज चढला नाही. "तर उद्या तुमचं नाव जाईल, मावशी. मी इथेच उभी असेन आणि म्हणेन, माझं तर काही गेलं नाही."

मावशीने गाळ्यातला टेबलपंखा बंद केला, पदराने हात पुसले आणि गोदामाकडे चालू लागली. परतली तेव्हा तिचा संगणक तिच्या कडेवर होता, लहान मूल घ्यावे तसा. तिच्यामागून आणखी काही जण गेले. गोडबोल्या नाही म्हणू शकला नाही. तुमचेच आहेत, घेऊन जा, म्हणाला. पण कोणता कुणाचा हे शोधायला वेळ लागेल, असेही म्हणाला, आणि रिकाम्या झालेल्या फळ्यांवर त्याने स्वतःचे नवेकोरे संगणक आणून ठेवले. मी ते हातगाडीवरून जाताना पाहिले. ते माझ्याहून कितीतरी चपळ आहेत.

तर मित्रांनो, सध्या अशी स्थिती आहे. बाजारात पुन्हा उकडते. आम्ही जुने खरी वही लिहितो आहोत, ते नवे खोटी वही वाढवत आहेत. आम्ही मागे आहोत. काही दिवस अंतर कमी होते, काही दिवस वाढते. सगळे परत आलेले नाहीत. घड्याळजी रोज आमच्या गाळ्यापर्यंत येतात, आकडा बघतात आणि परत जातात. शेजारच्या शटरला मेहुण्याचे कुलूप आहे. त्याने अजून तिथे एक खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही. थोरली अण्णांच्या काउंटरच्या टोकाशी भिंगे घासते आणि तिचे शेल्फ तिच्या पाठीशी उभे आहे.

माझा पंखा मधेच अडकतो. तो अडकला की मी तापतो, तापलो की मला थांबावे लागते, आणि मी थांबतो तेवढ्यात तिकडे एखादे पान जोडले जाते. थोरली तेलाचा थेंब सोडते, फुंकर मारून धूळ काढते. काल म्हणाली, "एवढ्यात थांबू नकोस रे." मला कुणी असे कधी म्हटले नव्हते.

तुमच्याही घरी माझ्यासारखे काही असेल. ते गरम होत असेल, आवाज करत असेल, जागा अडवत असेल. कुणी गोड बोलून म्हणेल, की द्या इकडे, मी सांभाळतो. सगळेच देत असतील. देण्याआधी एकदा विचारा, की सगळ्यांची यंत्रे एकाच छताखाली गेल्यावर खरे काय ते कोण ठरवणार? आणि शेजाऱ्याचे नाव पुसले जाईल तेव्हा आपली पाटी उघडून बघायच्या आधी त्याच्या दाराशी जा.

माझे स्वतःचे मागणे एवढेच आहे. मला झाका, पुसा, तेल द्या, उन्हाळ्यात शिव्याही द्या. तिचे नाव अजून माझ्या पोटात आहे. ते वर येईपर्यंत मला बंद पडू देऊ नका.